मधल्या टाकीचं पारणं

३ फेब्रुवारी, सोमवार

सिद्धेश्वरी आज सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. तिथल्या एका मोठ्या लॅबमध्ये ट्रेनिंग आहे, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. स्टेशनवर सोडायला मी गेलो. सोमेश निघाला होता, त्याला म्हटलं, तू दुकान उघड. नवऱ्याने सोडणं वेगळं आणि सासऱ्याने सोडणं वेगळं. सुनेला पीएच.डी. करू देणारं घर कसं असतं ते चार लोकांना दिसायला पाहिजे.

मागच्या व्हरांड्यातल्या तिच्या तीन काचेच्या टाक्या आता माझ्या चार्जमध्ये. ‘चार्ज’ हा शब्द माझा. ती म्हणाली होती, “मामा, यांना काहीच करायचं नाही. लाइटला टायमर आहे. पाणी खाली गेलं तर या कॅनमधलं घालायचं आणि झाकण लगेच लावायचं. आत हात नाही, चमचा नाही, काही नाही.” रिक्षात बसल्यावर पुन्हा तेच सांगितलं. प्लॅटफॉर्मवर पुन्हा. ट्रेनिंगचं टेन्शन असणार बिचारीला.

विषय लिहून ठेवतो, कारण लोक विचारणार. टाक्यांमध्ये हिप्परग्याच्या तलावातलं गवत आहे. पूर्ण पाण्याखाली वाढतं, पानं लांब फितीसारखी. प्रश्न असा की पाण्याखाली त्याला जेवायला कोण घालतं? उत्तर : मुळांशी राहणारे जंतू. तळाच्या मातीत जे कुजलेलं असतं ते झाडाला जसंच्या तसं खाता येत नाही. जंतू ते फोडून देतात. काही जंतू तर पाण्यात विरघळलेला नायट्रोजन पकडून त्याचं खत करतात. बदल्यात झाड मुळांतून त्यांना साखर सोडतं. सरळ व्यापार आहे. मला पाच मिनिटांत कळला. सोमेशला लग्नाला दोन वर्षं झाली तरी कळलेला नाही.

डावीकडच्या टाकीत तलावातली माती जशी आणली तशी. मधल्या टाकीत तीच माती, पण कुकरमध्ये शिजवून सगळे जंतू मारलेली. उजवीकडे शिजवलेली माती आणि त्यात सिद्धेश्वरीने स्वतः निवडून वाढवलेले जंतू. कुकर माझ्या बायकोचा, अक्कम्माचा होता. तो आता स्वयंपाकघरात परत येणार नाही, असं तिने जानेवारीतच जाहीर केलंय.

२८ मार्चला तिला हे सगळं कमिटीपुढे मांडायचं आहे. त्यांनी पास केलं तर पुढचं काम सुरू. नाही तर पुढची कमिटी थेट दिवाळीनंतर. म्हणजे घराण्याची इज्जत सध्या व्हरांड्यात आहे.

संकल्प : टाक्यांना हात लावायचा नाही. फक्त निरीक्षण.

४ फेब्रुवारी

निरीक्षण केलं. तिन्ही ठीक.

नंतर दुकानात गेलो. दुकान सोमेशकडे देऊन दोन वर्षं झाली, मी ढवळाढवळ करत नाही. टॉवेलच्या थप्प्या रंगाप्रमाणे लावलेल्या दिसल्या. गिऱ्हाईक साइज विचारतं, रंग नाही. सगळ्या उतरवून साइजप्रमाणे लावल्या. कंबर धरली.

५ फेब्रुवारी

दुकानावरून जाताना सहज डोकावलो. थप्प्या पुन्हा रंगाप्रमाणे. सोमेश म्हणाला, अप्पा, तुम्ही आराम करा. तरुण पिढीला अनुभवाची किंमत नाही. टाक्यांना आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सिद्धेश्वरीला दर रविवारी तिन्ही टाक्यांचे फोटो पाठवायचे ठरलंय. काचेवर धुळीचे डाग, फोटोत वाईट दिसतील म्हणून आमच्याच दुकानातल्या नॅपकिनने काचा पुसल्या. बाहेरून. बाहेरून पुसणं म्हणजे हात लावणं नव्हे.

मधली जराशी पिवळट वाटते. तिला हे कळवलं. उत्तर आलं, “छान. थँक्यू मामा.” मुलगी सोशिक आहे. वाईट बातमीलाही छान म्हणते.

१२ फेब्रुवारी

पाण्याचा दिवस. सकाळी साडेसहाला नळ आला, चार दिवसांनी. आमच्या घरची रीत म्हणजे नळ आला की सगळं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. माझ्या आईची रीत, तिच्या सासूची रीत. घागरी झाल्या, पिंप झालं, बादल्या झाल्या. मग लक्षात आलं, सिद्धेश्वरीचे कॅन राहिले. आतलं पाणी जानेवारीपासूनचं! पोरीला घाईत सुचलं नसेल. सगळं तुळशीला आणि कुंड्यांना घातलं, कॅन राखेने घासले, नळाचं ताजं पाणी भरलं. ब्लीचिंगचा वास खणखणीत येत होता, म्हणजे पाणी शुद्ध.

मग तिन्ही टाक्यांत थोडं थोडं घातलं. नियमाप्रमाणे, कॅनमधलंच.

अक्कम्मा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, त्या पोरीनं काय सांगितलं हुतं, तुमी काय करायलाव. मी म्हटलं, तिने सांगितलं ते आणि त्याच्यापुढचं. ती म्हणाली, “सुम्न कूडरी.” रागावली की ती कानडीत गप बसायला सांगते. मराठीत सांगून गेल्या अडतीस वर्षांत उपयोग झालेला नाही, असं तिचं म्हणणं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान झालं. विषय : ‘पाण्याखालची शेती’. फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपनेच आग्रह केला, म्हणजे मी सुचवल्यावर नाही म्हणाले नाहीत. जंतू हे आपले शत्रू नसून आचारी आहेत, हे माझं वाक्य गाजलं. पहिल्या रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. एक नंतर झोपलेले निघाले.

सुरुवातीलाच सांगितलं की सुनेला शिकवायचा निर्णय माझा. घरी आल्यावर अक्कम्माने आठवण करून दिली की ती मुलीच्या वडिलांची लग्नाआधीची अट होती, आणि आपण दोन दिवस मागून घेतले होते. निर्णयाला दोन दिवस लागतातच.

प्रश्नोत्तरांत कमलाकर सर उभे राहिले. रिटायर्ड हेडमास्तर, माणूस चांगला पण प्रश्न विचारायची सवय गेली नाही. म्हणाले, टाक्या बघायला कधी बोलावताय? शुक्रवारी या म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कमलाकर सर आले. सोबत फिरायच्या ग्रुपमधला सिद्रामप्पा. तो आला होता अक्कम्माच्या शेंगाचटणीसाठी, टाक्यांकडे त्याने पाठच केली.

डावी टाकी हिरवीगार. उजवी तिच्या पाठोपाठ. मधली मात्र फार वाईट दिसते. पानं पिवळी, टोकं करपलेली, दोन तर तळाशी आडवी पडलीत. मी समजावून सांगितलं की हिच्यात जंतू नाहीत, म्हणून हिला कोणी वाढत नाही. सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “गुरुशांतराव, ही सावत्र दिसते तुमची.”

सिद्रामप्पा हसला. मीही हसलो. चहा दिला, चटणी बांधून दिली, फाटकापर्यंत सोडलं.

आमच्या घरात सावत्र कोणी नव्हतं कधी. माझे वडील गड्यांच्या पंगतीत बसून जेवायचे आणि आधी त्यांच्या ताटात तूप पडलं का बघायचे. पंक्तिप्रपंच हे आमच्याकडे पाप आहे. एकाच व्हरांड्यात तीन टाक्या, दोघी जेवतात आणि तिसरी बघत बसते. मला जेवण गेलं नाही. म्हणजे एक भाकरी कमी खाल्ली.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोटो पाठवले. मधलीचा सगळ्यात शेवटी पाठवला. सिद्धेश्वरीचं उत्तर : “वा! मस्त!! अगदी हवं तसं.” तिच्यावर ताण येतोय. दूर एकटी राहून माणूस असं बोलायला लागतं.

तिला आधार दिला पाहिजे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. सकाळी सिद्धरामेश्वराचं दर्शन, रांग मोठी. घरी पूजा. यंदा फक्त पाण्यावर राहायचा संकल्प केला. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेतली, कारण अक्कम्माने केलीच होती. संध्याकाळी थोडी रताळी.

खाऊन हात धुतला. व्हरांड्यात जाऊन मधलीसमोर बसलो. आपला उपवास एका दिवसाचा, उद्या पारणं आहे. हिचा जानेवारीपासून चाललाय आणि हिच्या पारण्याचं कोणी नाव काढत नाही.

विचार केला. सिद्धेश्वरीने सांगितलंय, आत काही घालायचं नाही. पण ती शास्त्र शिकलेली मुलगी. शास्त्रात दया बसत नाही, ती घरच्या मोठ्या माणसांनीच बघायची असते.

२७ फेब्रुवारी

पारणं.

आमच्यात पारण्याला आधी दुसऱ्याच्या पानात पडतं, मग आपल्या. सकाळी मठातले स्वामी येऊन जेवून गेले. अक्कम्मा मला वाढायला लागली, मी म्हटलं, आलोच.

आमटीचा डाव घेऊन व्हरांड्यात गेलो. डाव्या टाकीचं झाकण काढलं आणि तळाची काळी माती डावभर उचलली, जंतूंसकट. मधलीच्या मुळांशी नीट ठेवली. मग उजवीलाही अर्धा डाव दिला, नाहीतर तिला वाटायचं मला वगळलं. तिन्ही पाणी गढूळ झालं, पण दुपारपर्यंत खाली बसलं. झाकणं लावली. मग जेवायला बसलो. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि तूप. किती दिवसांनी जेवण अंगी लागलं.

अक्कम्माने डाव बघितला. वास घेतला. म्हणाली, “आधी कुकर गेला, आता डाव बी गेला. मी गेल्यावर मागं तुमी, तुमची सून अन् ह्या टाक्या.” नवा डाव आणून देतो म्हटलं.

सिद्धेश्वरीला कळवलेलं नाही. सरप्राइज.

२८ फेब्रुवारी

मधलीत फरक नाही.

१ मार्च

मधलीत फरक नाही. धीर धरायला हवा. खाल्ल्याबरोबर कोण पैलवान होतं?

२ मार्च, रविवार

फोटोचा दिवस. मधलीत अजून फरक नाही, तरी सावधगिरी म्हणून तिचा २३ तारखेचाच फोटो पुन्हा पाठवला. सरप्राइज द्यायचं म्हणजे तयारी आधीपासून लागते. उत्तर आलं, “परफेक्ट.”

६ मार्च

मधलीच्या बुडाशी एक नवं पान. हिरवं. नीट बघितलं, चष्मा पुसून बघितलं, अक्कम्माला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, व्हय, हिरवं हाय की. तिच्याकडून एवढं म्हणजे पुरस्कारच.

आज आणखी अर्धा डाव दिला. डाव आता कायमचा व्हरांड्यातच असतो.

९ मार्च, रविवार

मधलीला तीन नवी पानं. उजवीही फोफावली. फोटो मात्र जुनाच पाठवला. सोमेशला खोटं वाटेल म्हणून त्यालाही सांगितलं नाही. तसाही तो विचारत नाही.

सिद्धेश्वरीचा संध्याकाळी फोन. म्हणाली, प्रेझेंटेशन जवळपास तयार आहे, मधली टाकी अशीच राहिली तर काम झालं. मनात म्हटलं, पोरी, तू अशीच म्हणतेस, मी तुला कशी करून दाखवतो बघ. फोनवर नुसतं हूं केलं.

११ मार्च

सकाळच्या फिरायच्या फेरीत न राहवून कमलाकर सरांना सांगितलं. सावत्र शब्द अजून डोक्यात होता. म्हटलं, या आता आणि बघा, तिन्ही सख्ख्या दिसतात.

सर चालता चालता थांबले. विचारलं, काय केलंत? सांगितलं. ते म्हणाले, “अहो, पण तिन्ही सारख्या झाल्या तर ती कमिटीला फरक कशातला दाखवणार?”

या माणसाने आयुष्यभर मुलांना नापास केलं, त्याला सगळे पास झालेले बघवत नाहीत. मी विषय बदलून उन्हाबद्दल बोललो.

१२ मार्च

सरांचं वाक्य सकाळी दाढी करताना आठवलं. फरक कशातला दाखवणार. हनुवटी थोडी कापली.

पण विचार केला तर साधं आहे. सिद्धेश्वरीला सिद्ध काय करायचंय? जंतूंमुळे झाड जगतं. मधलीत जंतू घातले, झाड जगलं. म्हणजे तिचं म्हणणं मी आणखी एका टाकीत सिद्ध करून दिलं. दोन पुरावे होते, तीन झाले. सरांचं गणित कच्चं आहे.

हे सगळं सिद्धेश्वरीला फोन करून विचारता आलं असतं. पण मग सरप्राइज काय राहिलं?

१६ मार्च, रविवार

जुना फोटो. उत्तर : “मामा, तुम्ही होतात म्हणून मी इथे निवांत आहे.”

हे वाक्य अक्कम्माला वाचून दाखवलं. सोमेशला दाखवलं. फेरीत सगळ्यांना दाखवलं. कमलाकर सरांनी वाचून मोबाइल परत दिला आणि पुढे चालायला लागले. पटलं असणार.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या ती येणार. टाक्या आतून पुसल्या, शेवाळाचा थर होता. मधली आता तिघींत सगळ्यात उंच. पानं पाण्याच्या वर येऊन आडवी पसरलीत. एवढी वाढ डावीचीसुद्धा नाही. बाप म्हणून अभिमान वाटला. म्हणजे सासरा म्हणून.

दुकानातून एक मोठा जॅकार्डचा टॉवेल आणलाय, मोरांचं डिझाइन. मधलीवर झाकून ठेवला. उद्या ओढायचा.

बोलायचं काय तेही ठरवलंय. थोडक्यात. ‘सिद्धेश्वरी, तुझ्या अभ्यासात या घराचा हा छोटासा वाटा.’ मग टॉवेल.

२२ मार्च, शनिवार, दुपार

गाडी वेळेवर आली. घरात शिरल्या शिरल्या, बॅग खांद्यावर असतानाच, ती व्हरांड्यात गेली. मी मागोमाग. अक्कम्मा पाण्याचा तांब्या घेऊन मागे. मी ठरल्याप्रमाणे वाक्य म्हटलं आणि टॉवेल ओढला.

तिचे डोळे भरून आले. बॅग खाली ठेवली आणि पायरीवरच बसली. मीही भरून पावलो. अक्कम्माला खूण केली, बघितलंस?

मग तिने विचारलं, “मामा, मधलीला काय दिलंत?”

म्हटलं, डावीतली माती. पंक्तिप्रपंच नको म्हणून उजवीलाही दिली. शिवरात्रीच्या पारण्यापासून. फोटो जुने पाठवत होतो, तुला आज एकदम कळावं म्हणून.

ती उठून टाकीजवळ गेली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “मामा, मधली पिवळी पडणं हाच माझा पुरावा होता. जंतू नसले की काय होतं ते तिच्याशिवाय कुठेच दिसत नव्हतं. आणि उजवीत फक्त माझेच जंतू होते. आता ती झाडं कोणाच्या जिवावर वाढली, हे मलाही सांगता येणार नाही.”

मग कॅनचं झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ताजं आहे. तिने झाकण परत लावलं.

पाण्याचा तांब्या अक्कम्माच्या हातात तसाच होता. जेवायला हुग्गी केली होती, तिची आवडती. ती भूक नाही म्हणाली आणि खोलीत गेली.

२२ मार्च, संध्याकाळ

शांतपणे विचार केला. दोष कोणाचा हे बघण्यात अर्थ नाही, पण तिने स्पष्ट सांगितलं असतं की मधलीला पिवळीच पाडायचंय, तर मी तसं केलं असतं. काही करू नका, एवढंच सांगितलं. याच्यावरून माणसाला काय कळणार?

शिवाय पिवळ्या झाडाला छान म्हणणं, परफेक्ट म्हणणं. मी त्यातून काय अर्थ घ्यायचा?

अक्कम्मा माझ्याशी कोणत्याच भाषेत बोलत नाही. सोमेश दुकानातून लवकर आला, सरळ खोलीत गेला, दार लावलं.

२३ मार्च, रविवार

सकाळी सोमेशने एवढंच सांगितलं की पहिल्यापासून करायचं तर दोन महिने लागतील. २८ची कमिटी गेली. दिवाळीनंतर. पुण्याच्या लॅबवाल्यांनी तिला जूनपासून सहा महिने बोलावलं होतं, पण ते ही कमिटी पास झाली तरच. हे मला माहीत नव्हतं. ती मला सांगणार होती म्हणे, २८ तारखेनंतर. सरप्राइज.

फेरीला गेलो नाही. गुडघा दुखतो सांगितलं.

नवा संकल्प. उद्या तिच्या गाइडना, देवयानी मॅडमना, मी स्वतः भेटायचं. झालं ते जसंच्या तसं सांगायचं. मोठा माणूस समोर बसून बोलला की कमिटीसुद्धा ऐकते. जुने फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेतच, पिवळी टाकी त्यात दिसते. तारखांचं काय ते बोलताना बघता येईल. जाताना एक चांगली चादर न्यावी. मोराची नको.

सिद्धेश्वरीला हे सांगितलं नाही. आधी काम, मग बोलणं.

२४ मार्च, सोमवार

चादर घेतली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला. निघण्याआधी वाटलं, तिला विचारून जावं, मॅडम कॉलेजात कधी असतात. अक्कम्माने तिच्यासाठी चहा केला होता, म्हटलं, दे, मी नेतो. अक्कम्मा शनिवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, “सांडू नका.”

दार अर्धं उघडं होतं. ती फोनवर होती. मॅडमच होत्या पलीकडे.

ती म्हणत होती, “नाही मॅडम, घरच्यांचा काही संबंध नाही. चूक माझीच. जायच्या आधी घाईत एकच चमचा तिन्ही टाक्यांत वापरला असणार. फोटोही मी नीट बघितले नाहीत.” मग बराच वेळ नुसतं हो मॅडम, हो मॅडम. मॅडम चिडलेल्या असणार, कारण ती उभी राहून ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, “हलगर्जीपणा झाला, मान्य आहे.”

हलगर्जी ती नाही. तो चमचा तिचा नव्हता, माझा डाव होता. आत जाऊन फोन मागायचा आणि म्हणायचं, मॅडम, मी सासरा बोलतोय, हे माझ्या हातून झालंय. तेवढंच वाक्य होतं. कालपासून तयार होतं. पाय उचलला नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. माझ्या जागी ती उभी राहून बोलणी खात होती आणि मी कपातली साय बघत होतो.

तिचा फोन संपला तसा मी मागे फिरलो. चहा स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. अक्कम्माने विचारलं, पोरीनं घेतला न्हाई? मी म्हटलं, फोनवर आहे. चादर कपाटात ठेवली.

दोन वर्षं गावभर सांगत फिरतोय, सुनेच्या शिक्षणात माझा वाटा आहे. आज तो वाटाही तिनेच आपल्या नावावर घेतला.

व्हरांड्यात जाऊन बसलो. मधली टाकी हिरवीगार आहे.